फोटोतल्या सपाता

हान्स नावाचा कुणी अकॉर्डियन विकतोय, ल्युबेकहून.
म्हणतो, आजोबांचं, जिवापाड जपलेलं.
लाल, शिंपल्यासारखी झाक, एकशे वीस बटणं,
वरून तिसऱ्या पांढऱ्या पट्टीचा टवका उडालेला.

तो टवका माझा. केमीच्या कागद-गिरणीतला नाच,
लोकांना वेग हवा होता आणि माझ्या बोटात नवी अंगठी होती.
खालची जमीन आमच्या स्वयंपाकघरातली,
लिनोलियमवर तापल्या कढईचा गोल चट्टा.
आणि फोटोच्या कोपऱ्यात, कापायच्या राहून गेलेल्या,
राखाडी नमद्याच्या दोन सपाता.
सपातांत औनेचे पाय.

अकरा वर्षांपूर्वी छप्पर गळायला लागलं
तेव्हा मीच काढला होता हा फोटो, विकायला म्हणून.
"बाजूला हो," म्हटलं. ती झाली, पण अर्धीच.
चारशे युरो आले. पत्रे आले.
त्या विषयावर ती नंतर काही बोलली नाही,
आता कुठल्याच विषयावर बोलत नाही.

तक्रार केली. उत्तर मिनिटात आलं,
आभार मानणारं, कुणीच न लिहिलेलं:
फसवणुकीचा पुरावा आढळला नाही.
पुन्हा लिहिलं: त्या सपाता माझ्या बायकोच्या आहेत.
सपाता पुरावा म्हणून चालत नाहीत.

शेजारच्या येर्केने फोटो छापून दिला.
इथेच थांबायला हवं होतं.

पण खाली कुणी लुमिक्को बोली लावत होती,
विचारत होती, पोरीसाठी हवंय, पट्टा आखूड होईल ना?
होईल की, म्हणाला हान्स.
मी तिला कळवलं: मी म्हातारा माणूस, माझं ऐका, हे फसवं आहे.
ती म्हणाली, असं सांगून भाव पाडणारे
पुष्कळ बघितलेत.

मग तिने दोनशे दहा म्हटलं, मी दोनशे वीस.
आमच्याकडे बोलणं जळणासारखं,
हिवाळ्यासाठी राखून ठेवायचं.
चाळीस वर्षांत औनेशी जेवढं बोललो नाही
तेवढी बोली त्या रविवारी रात्री
तिच्या पायांवर लावत बसलो.
चारशेला हात अडखळला.
तेवढीच किंमत एकदा मी केली होती.
एकवार. दोनवार.
पाचशे पंचावन्नला लुमिक्को गप्प झाली.

पैसे भरले नसते तर हान्सने तिलाच गाठलं असतं,
"पहिलं गिऱ्हाईक फिरलं, आता तुमचंच."
ही त्यांची रीत. म्हणून भरले,
चष्मा लावून, आकडा दोनदा तपासून.

खोकं आलं. वजनाला चोख.
आत जर्मन वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या सहा विटा.
दगडापेक्षा वीट मऊ, म्हटलं,
आणि एक सौनाच्या दाराला अडण लावली.

हान्सला तारे हवे होते, पाचपैकी किती ते.
लिहिलं: माल फोटोसारखा नाही.
फोटो मात्र अगदी खरा.

लुमिक्कोचाही निरोप होता, एका ओळीचा:
म्हाताऱ्याला काय करायचंय वाजवून?

दोन दिवस उत्तर जुळवतोय.
शाळेच्या अडगळीत एक हिरवं अकॉर्डियन पडून होतं,
लहान मुलाच्या मापाचं, दोन सूर बसलेले.
एक मी मोकळा केला. दुसरा अजून खोकतो.
फुकट देतो म्हटलं तर तिला वाटणार,
हा आणखी एक हान्स.

तरी फोटो काढला, त्याच चट्ट्याशेजारी ठेवून.
कोपऱ्यात माझ्याच सपाता आल्यात,
डावीचा अंगठा फाटलेला.
येर्के म्हणाला, कापून टाकू का?

राहू दे, म्हटलं.